फोन बदलताना गाणी मागे का राहावीत?

नवा फोन पहिल्यांदा चालू केला की तो विचारतो, जुन्या फोनमधलं काय काय आणायचं? संपर्क, मेसेज, फोटो, व्हिडिओ, कॅलेंडर. समोर खुणा करायच्या आणि तासाभरात सगळं नव्या फोनवर येतं. अँड्रॉइड वापरणाऱ्यांनी आयफोनकडे यावं म्हणून ॲपलने २०१५ साली ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचं ॲप काढलं, त्याच्या यादीतही हे सगळं होतं. संगीत नव्हतं. ते तुमचं तुम्ही कॉम्प्युटरवरून न्या, असं मदतीच्या पानावर सांगितलेलं होतं. उलट दिशेला, आयफोनवरून अँड्रॉइडकडे जाताना, नक्कल करण्यावर कंपनीचं कुलूप नसलेल्या फाइली आणता येतात. पण त्या फाइलींभोवती वर्षानुवर्षं रचलेलं जे काही असतं, ते बहुतेक वेळा जुन्या फोनमध्येच राहतं.

गाण्यांचा संग्रह रचणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे आणि त्या कामावर हक्कही त्याचाच आहे, असं मी मानते. तो ज्या फोनवर जाईल तिथे ते काम न्यायची सोय कंपन्यांनी करायलाच हवी, आणि ती त्यांच्या मर्जीवर न सोडता नियमात लिहून घ्यायला हवी.

फोटोंच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उभा राहत नाही, कारण फोटो म्हणजे एक फाइल. तारीख, जागा, चित्र सगळं तिच्यातच असतं. गाण्यांचं तसं नाही. गाण्यांच्या संग्रहाला तीन थर असतात. सगळ्यांत खाली खुद्द आवाजाची फाइल. तिच्यावर त्या फाइलीत लिहिलेली माहिती: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल, मुखपृष्ठ. आणि सगळ्यांत वर ऐकणाऱ्याची रचना: प्लेलिस्ट, पसंतीचे तारे, कोणतं गाणं किती वेळा ऐकलं, कधी संग्रहात आलं, कशानंतर काय लागावं. खालचा थर हलवणं सोपं असतं, मधला हलताना थोडा मोडतो आणि वरचा जवळजवळ पूर्ण हरवतो. दुर्दैव असं की ऐकणाऱ्याने सगळ्यांत जास्त वेळ घातलेला असतो तो याच वरच्या थरात. फाइल पुन्हा मिळवता येते. कुठल्या गाण्यानंतर कुठलं लागावं हे ठरवायला गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

ॲपलचा जुना आयपॉड प्लेअर ज्यांनी कॉम्प्युटरला जोडून आतून पाहिला असेल त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. लपवलेला फोल्डर उघडला की आत एफ००, एफ०१, एफ०२ अशी एकामागोमाग एक कप्प्यांची रांग दिसते. प्रत्येक कप्प्यात पाच-पन्नास फाइली आणि प्रत्येकीचं नाव चार अक्षरांचं, कसलाही अर्थ नसलेलं. एकाच अल्बममधली गाणी वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेली असतात. कोणतं गाणं कुठे आहे हे फक्त त्या यंत्राच्या डेटाबेसला माहीत. फाइली काढून घेता येतात, पण हाती येतो तो नुसता ढीग. मग फाइलीच्या आत लिहिलेली माहिती वाचून नावं लावणारा एखादा प्रोग्रॅम शोधायचा, आणि ज्या फाइलींत माहिती नसेल त्या एक-एक ऐकून ओळखायच्या.

त्या आतल्या माहितीचीही एक कथा आहे. एमपीथ्री फाइलीत गाण्याचं नाव लिहिण्याची पहिली रूढ पद्धत १९९६ साली आली. फाइलीच्या शेवटी १२८ बाइट्सची जागा, त्यात नावाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०. लॅटिनखेरीज इतर लिप्यांचा विचारच त्यात नव्हता. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने लांब नावांना आणि मुखपृष्ठाला जागा दिली, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडचीही सोय केली, पण जुन्या प्रोग्रॅम्सनी त्या जागांत मनाला येईल त्या पद्धतीने अक्षरं भरली. म्हणून एका फोनवर नीट दिसणारं देवनागरी नाव दुसऱ्या फोनवर प्रश्नचिन्हांची माळ होऊन बसतं. अनेक गायकांची गाणी एकत्र असलेला अल्बम दुसऱ्या ॲपमध्ये गेला की गायकागणिक फुटतो, कारण एक ॲप अल्बमच्या नावावर दर्शवलेल्या कलाकाराकडे बघतं आणि दुसरं प्रत्येक गाण्याच्या गायकाकडे. यात कोणाचा डाव नाही, निष्काळजीपणा आहे. पण तो निस्तरतो ऐकणारा.

आवाजाचे प्रकारही आडवे येतात. दर्जा न घटवता गाणी साठवणारा फ्लॅक हा प्रकार २००१ पासून सगळ्यांना खुला आहे. आयफोनच्या संगीत लायब्ररीत मात्र तो थेट घालता येत नाही. तिथे ॲपलचा स्वतःचा अलॅक लागतो, जो कंपनीने २०११ साली खुला केला. एकातून दुसऱ्यात बदल केला तर आवाजात काही घट होत नाही, फक्त वेळ जातो. एमपीथ्रीचं एएसी, म्हणजे ॲपल वापरते तो आवाज दाबून लहान करणारा प्रकार, करायला गेलं तर मात्र प्रत्येक वेळी आवाजाचा थोडा दर्जा जातो. आयफोन एमपीथ्री चांगला वाजवतो, त्यामुळे तो खटाटोप करूच नये. हे कोणी न सांगितल्यामुळे लोकांनी आपले संग्रह विनाकारण खराब करून घेतले आहेत.

आता वरचा थर. प्लेलिस्टची सगळ्यांत जुनी आणि साधी पद्धत म्हणजे एमथ्रीयू: साधी मजकुराची फाइल, प्रत्येक ओळीत एका गाण्याचा पत्ता, म्हणजे ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते. फोन बदलला की फोल्डर बदलतो, पत्ते खोटे ठरतात आणि नव्या ॲपमध्ये ती यादी रिकामी उघडते. ताऱ्यांसाठी एमपीथ्रीच्या माहितीत जागा ठेवलेली आहे, किती वेळा ऐकलं तेही तिथे लिहिता येतं. पण ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्रॅमने तारे फाइलीत कधी लिहिलेच नाहीत, स्वतःच्या लायब्ररीत ठेवले. फाइल निघाली की तारे मागे राहिले.

स्ट्रीमिंगमध्ये फाइलच आपल्या हाती नसते, तेव्हा तर ही रचना हाच सगळा संग्रह. माझ्या बहिणीने फोनबरोबर गाण्यांची सेवाही बदलली आणि याद्या नेण्यासाठी एका तिसऱ्याच कंपनीचं ॲप वापरलं. काम पूर्ण झालं असा संदेश आला. ती ऐकायला बसली तेव्हा मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाच्या जागी स्टुडिओतलं आलेलं होतं. एका जुन्या गाण्याच्या जागी कोणा दुसऱ्याच गायिकेने अलीकडे गायलेलं तेच गाणं होतं. काही गाणी नुसती गायब होती आणि कोणती, ते कळायला मार्ग नव्हता. तिची यादी मैफलीच्या क्रमाने लावलेली होती, विलंबितानंतर द्रुत, मग ठुमरी. मधली दोन गेल्यावर त्या यादीला अर्थच उरला नव्हता. संग्रह मोडतो तो असा: वरून सगळं जागच्या जागी दिसतं, आणि काय गेलं ते ऐकू लागल्यावर हळूहळू कळतं.

हे टाळता आलं असतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. सेवांवर येणाऱ्या ध्वनिमुद्रणाला स्वतःचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, आयएसआरसी म्हणतात त्याला. १९८६ सालापासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. १२ अक्षर-अंकांचा हा कोड गाण्याला नव्हे तर त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला असतो, म्हणजे मैफलीतलं वेगळं, स्टुडिओतलं वेगळं. रेकॉर्ड कंपन्या स्ट्रीमिंगवाल्यांना गाणी देतात तेव्हा हा कोड सोबत असतो, मानधनाचा हिशेबही त्यावरून जुळवला जातो. तो दर वेळी अचूक भरलेला असतोच असं नाही, आणि जुनं ध्वनिमुद्रण नव्याने घासूनपुसून काढलं तर त्याला वेगळा कोड मिळू शकतो. तरीही नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा तो कितीतरी भरवशाचा. कोड, नाव, गायक आणि गाण्याची लांबी एवढ्या चार गोष्टी यादीत लिहून दिल्या तर मैफलीच्या जागी स्टुडिओ येण्याचं कारण उरणार नाही.

पण ऐकणाऱ्याला अडकवून ठेवण्यात फायदा आहे, हे या धंद्याला फार पूर्वी कळलं. त्याआधी तसं नव्हतं. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट कोणत्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरमध्ये चाले. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचं मानक फिलिप्स आणि सोनीने मिळून ठरवलं होतं, आणि एका कंपनीच्या प्लेअरची सीडी दुसऱ्यात लागणार नाही अशी शंकाही कोणाला आली नाही. यंत्र बदललं तरी संग्रह तोच राही. २००३ साली आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान उघडलं, ९९ सेंटला एक गाणं, आणि प्रत्येक गाण्यावर फेअरप्ले नावाचं कुलूप. पैसे दिलेलं गाणं खिशात घालून न्यायचं तर आयपॉडच हवा. २००४ साली रिअलनेटवर्क्सने आपल्या दुकानातली गाणी आयपॉडवर वाजतील अशी युक्ती काढली, तेव्हा ॲपलने तीव्र आक्षेप घेतला आणि पुढच्या बदलांत ती युक्ती बंद पाडली. मायक्रोसॉफ्टची तऱ्हा तर याहून वाईट. २००४ पासून ‘प्लेजफॉरशुअर’ या शिक्क्याखाली इतर दुकानांना गाणी विकायला लावणाऱ्या या कंपनीने २००६ साली स्वतःचा झून प्लेअर आणला, आणि त्या शिक्क्याची गाणी त्यावर वाजत नव्हती. २००८ साली तिने जाहीर केलं की आपल्या एमएसएन म्युझिक या दुकानातल्या गाण्यांची कुलपं उघडून देणारे सर्व्हर आता बंद होतील. म्हणजे यापुढे कॉम्प्युटर बदलाल तर विकत घेतलेलं गाणं मुकं. लोक खवळले, तेव्हा मुदत वाढवून मिळाली.

कुलपं काढली तर धंदा बुडेल असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जात होतं. २००७ च्या फेब्रुवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून रेकॉर्ड कंपन्यांना कुलपं काढण्याचं आवाहन केलं, त्याच वर्षी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची गाणी आयट्यून्सवर कुलपाविना आली आणि २००९ मध्ये तिथल्या सगळ्याच गाण्यांची कुलपं निघाली. विक्री थांबली नाही. पुढे जे बदललं ते स्ट्रीमिंगमुळे, कुलपं गेल्यामुळे नव्हे. हा इतिहास मी मुद्दाम उगाळते आहे, कारण आज संग्रह हलवण्याला जे आक्षेप घेतले जातात ते तेव्हाचेच आहेत.

यातला स्वामित्वहक्काचा आक्षेप आधी घेऊ. भाड्याने ऐकतो ती गाणी फाइलीच्या रूपात बाहेर काढू द्या, अशी माझी मागणी नाही. महिन्याचे पैसे थांबले की ती ऐकणं थांबतं, हा व्यवहार समजून-उमजून केलेला असतो. मात्र विकत घेतलेल्या, स्वतःच्या सीडीवरून उतरवलेल्या, घरी ध्वनिमुद्रित केलेल्या फाइली माझ्या आहेत. आणि यादी? यादीत आवाज नसतोच. नावं, क्रम, तारखा. त्यावर रेकॉर्ड कंपनीचा काय हक्क?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. बाहेरच्या ॲपला फोनच्या आत शिरू दिलं तर धोका वाढतो, हे खरं आहे. पण फोटो हे संगीतापेक्षा कितीतरी खाजगी असतात, आणि फोटो वाचायची परवानगी मागून, ती देऊन किंवा नाकारून, हा प्रश्न आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे केव्हाच सोडवलेला आहे. तीच परवानगी गाण्यांना लावायला काय हरकत? आज आयफोनवर कॉम्प्युटरवरून गाणी घातली असतील आणि मधेच कॉम्प्युटर बदलला, तर नव्या लायब्ररीशी सिंक करताना फोन विचारतो की आधीची गाणी पुसून नवी घालू का. कारण एका वेळी एकाच लायब्ररीशी नातं ठेवायचं असा नियम आहे. हा नियम सुरक्षेसाठी आहे असं मला तरी पटत नाही.

आणि तिसरं, सगळ्यांत जास्त ऐकू येणारं: आता फाइली ठेवतो कोण? पुष्कळ लोक ठेवतात. संगीत शिकणारा विद्यार्थी गुरूंच्या तालमीची ध्वनिमुद्रणं ठेवतो. घरातल्या गेलेल्या माणसाचा गाता आवाज कोणीतरी जपलेला असतो. जुन्या, कोणत्याच सेवेवर नसलेल्या तबकड्या ज्यांनी हाताने उतरवल्या, त्यांच्याकडे त्या गाण्याची जगातली मोजक्यांतली एक प्रत असू शकते. सेवांवरची गाणीही करार संपले की नाहीशी होतात. मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ साली कबूल केलं की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत नष्ट झालं. ज्याची बाहेर कोणीतरी प्रत ठेवली होती, तेवढंच वाचलं. फाइली ठेवणारे थोडे झाले आहेत म्हणून त्यांची गैरसोय क्षुल्लक ठरत नाही.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असंही सांगितलं जातं. त्याला उत्तर खुद्द गूगलने देऊन ठेवलं आहे. २०२० साली गूगल प्ले म्युझिक बंद करून लोकांना यूट्यूब म्युझिककडे न्यायचं होतं, तेव्हा कंपनीने एक बटण दिलं. त्या बटणाने प्लेलिस्ट गेल्या, पसंतीच्या खुणा गेल्या, विकत घेतलेली गाणी गेली, लोकांनी स्वतः चढवलेल्या फाइलीसुद्धा गेल्या, आणि अशा फाइली माणशी ५०,००० पर्यंत असू शकत होत्या. कंपनीलाच आपली माणसं एका घरातून दुसऱ्या घरात न्यायची होती, तर तिने सगळं सामान उचलून दिलं. माणूस शेजारच्या घरात जाणार असेल तेव्हा मात्र तेच सामान उचलता येत नाही म्हणतात. २०२४ साली ॲपल म्युझिकमधल्या प्लेलिस्ट थेट यूट्यूब म्युझिकमध्ये नेण्याची सोय दोन्ही कंपन्यांनी मिळून केली. ती चांगली आहे, मी मनापासून स्वागत करते. पण त्यात याद्याच जातात, फाइली जात नाहीत. आणि दोघांनी आपसांत ठरवलेली सोय दोघं आपसांत ठरवून बंदही करू शकतात.

म्हणून नियम हवा. युरोपने २०१८ पासून आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागून घेण्याचा हक्क लोकांना दिला आहे. त्या हक्काने प्लेलिस्ट मिळते. मिळते म्हणजे एक फाइल हातात येते, जी उघडून बघितली तर कंस आणि अवतरणचिन्हांचं रान दिसतं, आणि दुसऱ्या सेवेत ती घालायला खिडकीच नसते. बाहेर पडण्याचा हक्क आहे, पण आत घेण्याचं बंधन कोणावरच नाही. डिजिटल मार्केट्स ॲक्ट या युरोपच्याच कायद्याची बंधनं २०२४ च्या मार्चपासून लागू झाली. त्यात ॲपल आणि गूगलच्या फोनप्रणाल्या येतात, माहिती सतत आणि विनामूल्य हलवू देण्याचं कलमही आहे. संगीत हे त्या कलमाच्या अंमलबजावणीत नावानिशी यायला हवं, आणि आत घेण्याची बाजूही.

मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय अमेरिकेत २००३ साली आली, तीसुद्धा कंपन्यांनी वारंवार मुदती पुढे ढकलून घेतल्यानंतर. आज त्या सोयीविरुद्ध बोलणारा कोणी सापडणार नाही. चार्जिंगच्या तोंडाचंही तेच झालं: युरोपने कायदा केला आणि २०२३ च्या आयफोनला यूएसबी-सी आलं. आता दोन फोनांमध्ये एकच केबल लागते. केबलच्या दोन्ही टोकांना संगीत असतं, पण एका संग्रहातून दुसऱ्या संग्रहात ते सरळ वाहत नाही, कारण केबलपुढचं दार अजून नियमात बसवलेलं नाही.

नियमात काय असावं, ते फार मोठं नाही. नवा फोन चालू करताना फोटोंच्या शेजारी ‘संगीत’ ही खूण असावी, आणि तिच्यातून कुलूप नसलेल्या सगळ्या फाइली नव्या फोनच्या मुख्य संगीत ॲपमध्ये जाव्यात, कुठल्या तरी डाउनलोडच्या फोल्डरात पडून राहू नयेत. याद्यांसाठी एकच खुली मांडणी असावी, वर सांगितलेल्या कोडसकट, तारे आणि ऐकल्याच्या नोंदींसकट. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या प्रत्येक सेवेने ती मांडणी देणं आणि घेणं, दोन्ही बंधनकारक असावं. लहान ॲप करणाऱ्यांवर हे ओझं लगेच टाकू नये. मांडणी साधी असेल तर ते आपण होऊन ती उचलतील, एमथ्रीयू कोणत्या कायद्याने पसरला नव्हता.

तोवर ज्यांचा संग्रह स्वतःच्या फाइलींचा आहे त्यांनी मूळ प्रत फोनमध्ये ठेवू नये. कॉम्प्युटरवर किंवा वेगळ्या डिस्कवर, गायक आणि अल्बम अशा उघड नावांच्या फोल्डरांत ती असावी, फोनवर फक्त नक्कल. स्ट्रीमिंगवाल्यांनी अधूनमधून आपल्या याद्या उतरवून घ्याव्यात. पण हे सल्ले ज्याला यंत्रांशी खेळायची सवय आहे त्याच्याच कामाचे. ज्याला ती नाही, तो जुना संग्रह सोडून देतो आणि नव्या फोनवर समोर येईल ते ऐकतो. कंपनीच्या आकड्यांत तो समाधानी नवा ग्राहक म्हणून दिसतो. त्याने काय गमावलं याची नोंद कुठेच होत नाही.

कायदा व्हायला वर्षं लागतील. एक गोष्ट मात्र त्याची वाट न पाहता होऊ शकते, आणि ती कंपन्यांनी लगेच करावी. गाणी किंवा याद्या हलवून झाल्यावर ‘पूर्ण झालं’ एवढंच न सांगता, कोणती गाणी आली नाहीत आणि कोणाच्या जागी दुसरं ध्वनिमुद्रण बसवलं, याची यादी ऐकणाऱ्याच्या हाती द्यावी. ही माहिती त्यांच्या यंत्रणेला जुळवणी करतानाच कळलेली असते.